लाखबंद कातडं

हॉलिस क्रँडलने चौदा वर्षं बिटर फोर्क जिल्ह्यातल्या गुरांवरचे डाग तपासले, आणि या चौदा वर्षांत एकाही माणसाने त्याला 'जरा मलाही बघू द्या' असं म्हटलं नाही.

डागाचं काम तसं साधं आहे. लोखंड तापवून जनावराच्या अंगावर आपली खूण उमटवायची. ज्याची खूण, त्याचं जनावर. चोर काय करतो, तर दुसऱ्याच्या खुणेला दोन रेघा जोडतो आणि तीच आपली म्हणून मिरवतो. केसांच्या बाजूने बघून भल्याभल्यांना कळत नाही. मग खोंड मारायचा, सोलायचा, आतली चरबी खरवडायची आणि कातडं उलटं करून उजेडात धरायचं. जुनी रेघ आणि नवी रेघ आतून वेगळी दिसते, तिथे कोणाची मखलाशी चालत नाही. बाकी जिल्ह्यांत हे कातडं पंचांसमोर पसरतात. आमच्याकडे क्रँडलने वेगळीच रीत पाडली होती. तो एकटा कोठीत जायचा, बघून यायचा आणि काय दिसलं ते सांगायचा. लोकांनाही ते बरं वाटायचं. ओल्या कातड्याचा वास कोणाला हवा असतो?

अकरा वर्षांपूर्वी कंपनीने इनॉक रस्कवर चोरीचा आळ घेतला. कंपनीचं नाव सांगायची गरज नाही, अर्धा जिल्हा तिचाच आहे. इनॉकची जमीन ओढ्याच्या काठाला होती आणि तो ती विकत नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा. क्रँडल कोठीत गेला. कातडं स्वच्छ होतं, एकच डाग, सगळ्या रेघा एकाच दिवसाच्या. तो बाहेर आला आणि म्हणाला, "खाली कंपनीचा डाग आहे." कातडं त्याच दुपारी त्याने शेगडीत घातलं. इनॉकला दहा वर्षांची सजा झाली. तिसऱ्या हिवाळ्यात तो तुरुंगाच्या दगडखाणीत खोकून खोकून मेला. क्रँडलला खटल्याच्याच वर्षी गावाबाहेरचं पांढरं दुमजली घर मिळालं. घर कुठून आलं, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊकच होतं. आणि या माणसाला त्या घरात गाढ झोप लागायची, हेही सांगून टाकतो.

आता त्याच कंपनीने त्याच्या एकुलत्या एका मुलाला, अँसलला, पकडलं होतं. आळ तोच, आणि सजा झाली तर तीच दहा वर्षं, तीच खाण.

दोन वर्षांपूर्वी क्रँडलची नोकरी संपली तशी कंपनीला त्याची गरजही उरली नव्हती. मॅनेजर नवा आला होता आणि जुन्या उपकारांची त्याला माहितीही नव्हती. अँसलच्या कळपातला एक तांबडा खोंड त्याच्या डोळ्यात भरला. अँसलची खूण म्हणजे पत्त्यातली चौकट. कंपनीची खूण म्हणजे त्याच चौकटीचा खालचा अर्धा भाग. वरच्या दोन रेघा जोडल्या की कंपनीचा खोंड अँसलचा झालाच. ही खूण पोराच्या नावावर नोंदवली होती ती बापानेच, आणि काय मनात ठेवून नोंदवली होती ते मी सांगायला नको. पोराने तिचा तसा उपयोग कधी केला नाही, ही गोष्ट वेगळी. पण त्या खोंडाच्या वरच्या दोन रेघा फराटल्यासारख्या होत्या, ताज्या वाटत होत्या.

क्रँडल तुरुंगात भेटायला गेला तेव्हा अँसल बाकावर बसून बुटाचा चिखल काडीने काढत होता. सव्वीस वर्षांचा, आईच्या वळणावर गेलेला, शांत पोरगा.

"बाबा, तुम्ही उगाच आलात. रस्ता किती खराब आहे."

"रस्त्याचं राहू दे. खरं सांग, तो खोंड कुठून आणलास?"

"कुठून म्हणजे? आपल्याच गाईचा. पावसात डागला. ओल्या कातडीवर लोखंड घसरलं आणि रेघ पसरली. तुम्हीच म्हणायचात ना, ओलं जनावर डागू नये? घाई केली, चुकलं."

"माझ्यापाशी लपवू नकोस. मी कोर्ट नाही."

अँसलने काडी खाली टाकली. "लपवायला काही आहे कुठे? सोमवारी कातडं उघडतील, दिसेल सगळ्यांना. मला तर शनिवारी-रविवारी झोप काढायची आहे, बस."

क्रँडलने मान डोलावली. त्याला वाटलं, पोरगा छान बोलतो. पंचांसमोर असंच बोलला पाहिजे. पोरगा खरं बोलत असेल, हे मात्र त्याच्या मनाला शिवलं नाही.

तिथून तो नव्या तपासनीसाकडे गेला. नवा तपासनीस म्हणजे थॅड रस्क, इनॉकचा मुलगा. राजधानीतल्या मंडळाने त्याला नेमलं होतं, आणि हा जिल्हा त्याने स्वतः मागून घेतला होता, हे गावाला ठाऊक होतं. दीड वर्षं झाली, तो क्रँडलला एक वाकडा शब्द बोलला नव्हता. त्यामुळेच क्रँडल त्याला रस्त्यात टाळायचा.

रस्क जेवत होता, थंड घेवडा आणि मक्याची भाकरी. उठला नाही.

"या, क्रँडलसाहेब. बसा की. खुर्ची तुमचीच आहे."

"रस्क, कातडं पाहिलंस तू?"

"नाही."

"आतून?"

"आतून तर नाहीच. ऑर्लो बेक लोहाराने सोललं, बारा पंच समोर उभे होते. चरबी खरवडू दिली नाही. तसंच गुंडाळलं, सुतळीने शिवलं आणि बेकने आपल्या दुकानाचा शिक्का लाखेवर मारला. मी पाठ फिरवून उभा होतो."

"पाठ फिरवून? ती कशाला?"

"माझ्या वडिलांवर आळ आला तेव्हा कातडं एकाच माणसाने पाहिलं." रस्कने भाकरीचा तुकडा मोडला. "हे कोणी एकटा बघणार नाही. मीसुद्धा नाही. सोमवारी सगळ्यांदेखत लाख फुटेल आणि जे असेल ते असेल."

क्रँडलने टोपी गुडघ्यावर ठेवली. आता त्याच्या तोंडी 'तुम्ही' आलं. "हे बघा रस्क, झालं ते झालं. मी म्हातारा माणूस. ते पांढरं घर आहे, ते मी तुमच्या नावावर करून देतो. उद्याच."

"घर चांगलं आहे. माझ्या आईने बाहेरून पाहिलंय."

"मग?"

"मग काही नाही. तुम्हाला तुमच्या मुलाची खात्री नाही का?"

"आहे की. म्हणजे काय."

"मग सोमवारपर्यंत थांबा. दोनच दिवस आहेत."

बाहेर आल्यावर क्रँडलला थंडीतही घाम फुटला होता. पाहिलं नाही म्हणे. हातात कातडं आणि समोर बापाच्या वैऱ्याचा पोरगा, आणि हा म्हणे पाठ फिरवून उभा राहिला. कोण ऐकून घेईल? त्याने नक्कीच पाहिलं असणार. आत दोन डाग असणार, म्हणूनच तो इतका निवांत भाकरी खात होता. आणि समजा एकच डाग असला, तर मधल्या दोन दिवसांत दुसरं कातडं आणून ठेवायला त्याला कोण अडवणार होतं? क्रँडलने स्वतः हेच केलं असतं. जगात आपल्यापेक्षा वेगळा माणूस असू शकतो, एवढी साधी गोष्ट या शहाण्याला साठ वर्षांत कोणी शिकवली नव्हती.

शनिवारी तो अँसलच्या कुरणात गेला. चौकटीचा चांगला, एकसारखा उमटलेला डाग असलेला एक तांबडा खोंड त्याने वेगळा काढला, घळीत नेऊन मारला आणि सोलला. मग तापल्या तारेने डागाच्या वरच्या दोन रेघा केसांच्या बाजूने जराशा फराटल्या, अगदी त्या खोंडासारख्या. हात अजून चांगला चालत होता. कातडं पोत्यात घालून बग्गीच्या आसनाखाली सरकवलं. बेत असा, की कोठीतलं कातडं आधी बघायचं. दोन डाग निघाले तर अदलाबदल. एक निघाला तर होतं तसं ठेवून द्यायचं. लाख गरम सुरीने अलगद उचलायची आणि परत चिकटवायची. नोकरीत असताना किती पाकिटं त्याने अशी उघडली होती.

रविवारी सकाळी सगळा गाव प्रार्थनेला गेला, शेरीफसुद्धा. कचेरीमागच्या कोठीला अजून जुनंच कुलूप होतं, आणि जुनी किल्ली क्रँडलच्या जुडग्यात होती. ती परत कोणी मागितली नव्हती.

कोठीत गोठवणारी थंडी होती. गुंडाळी खिडकीखालच्या फळीवर होती. क्रँडलने काडी पेटवून सुरी गरम केली आणि लाखेखाली घातली. लाख थंडीने काचेसारखी कडक झाली होती. ती उचलली गेली नाही, तडकली. बेकच्या शिक्क्याचे चार तुकडे जमिनीवर पडले.

तो तसाच बघत राहिला. मग म्हणाला, आता फुटलीच आहे तर बघू, आणि शिवण उसवली.

दुसऱ्यांना आतली चरबी खरवडावी लागते. क्रँडलच्या बोटांना तेवढी गरज नव्हती. त्याने अंगठ्याने डागाची जागा पुसली आणि कातडं खिडकीच्या उजेडासमोर ताणून धरलं. चार रेघा. चारही सारख्या खोल, सारख्या रंगाच्या, एकाच दिवशीच्या. वरच्या दोन जराशा पसरलेल्या, ओल्या कातडीवर पसरतात तशा. खाली दुसरं काही नाही.

पोरगा खरं बोलला होता.

म्हातारा कोठीच्या जमिनीवर बसला आणि रडला. आनंदाने रडला, आणि लाजेनेही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या पोराचा अभिमान वाटला. तिकडून प्रार्थनेचं शेवटचं गाणं ऐकू यायला लागलं तेव्हा तो भानावर आला. लाखेचे तुकडे त्याने काडीच्या आचेवर वितळवून जोडून पाहिले, पण शिक्का काही जुळला नाही. नुसता गोळा झाला. सुतळी कशीबशी परत ओवली, गुंडाळी फळीवर ठेवली आणि कुलूप लावून तो निघाला. घरी जाऊन दुसरं कातडं त्याने शेगडीत घातलं. वाटेत तो स्वतःला समजावत होता, कातडं खरं आहे ना? मग लाखेला कोण विचारतो.

सोमवारी सगळ्यांनी लाखेलाच विचारलं.

कोर्टात मुंगी शिरायला जागा नव्हती. थॅड रस्कने गुंडाळी मेजावर ठेवली, शिक्क्याची बाजू वर केली आणि थांबला. त्याचा चेहरा उतरला. त्याने पंचांच्या बाकाकडे बघून विचारलं, "बेक, हा तुमचा शिक्का?"

ऑर्लो बेक पंचांचा मुख्य होता. तो चष्मा लावून पुढे आला. "माझा नाही. माझ्या शिक्क्यावर नाल आहे. हे काय आहे, कोण जाणे."

कंपनीचा वकील उठला. बारीक, नीटनेटका माणूस. त्याने आवाजसुद्धा चढवला नाही. काल अँसल क्रँडलच्या कुरणावर कावळे घिरट्या घालताना कंपनीच्या घोडेस्वारांनी पाहिले, तो म्हणाला. घळीत एक खोंड सोललेला पडला होता. मांस तिथेच, कातडं मात्र गायब. आता ते कातडं कुठे असेल, हे पंचांनी समोर मेजावर बघावं.

खोलीत कुजबुज झाली. अँसलने मान वळवून बापाकडे पाहिलं. क्रँडल उभा राहिला. गप्प बसून भागणार नव्हतं, हे त्याला कळलं होतं.

"लाख मी फोडली," तो म्हणाला. "तो खोंडही मीच सोलला. अदलाबदल करायची म्हणून. पण केली नाही. हे कातडं खरं आहे. उघडा, बघा, आत एकच डाग आहे."

"ते दिसेलच," वकील म्हणाला. "दुसरं कातडं कुठे आहे?"

"जाळलं."

"त्यावरही असाच फराटा होता?"

"होता. मी उमटवला होता."

"म्हणजे दोन कातडी होती, दोन्हींवर एकच खूण, दोन्हींवर तसाच फराटा. एक जळलं, एक इथे आहे. आणि कोणतं कोणतं, ते फक्त तुम्हाला माहीत."

कातडं उघडलं. चरबी खरवडली. चार रेघा सगळ्यांना लख्ख दिसल्या, आणि त्यांचा कवडीचा उपयोग नव्हता. मूळ खोंडाच्या धडावरून काही ताडून बघावं, तर ते हॉटेलवाल्याने नेलं होतं आणि अर्ध्या गावाच्या पोटात गेलं होतं. पंचांपैकी चौघांनी तर त्याची तारीफही केली होती.

न्यायाधीशांनी रस्कला विचारलं, "हेच कातडं का? तपासनीस म्हणून तुमचं मत?"

रस्कने कातडं उजेडाकडे धरून पाहिलं. "मी आधी आतून पाहिलं नव्हतं," तो म्हणाला. "मला सांगता येणार नाही."

तेव्हा क्रँडल जागेवरून निघाला. तो बाकांमधून वाट काढत पुढे आला. कोणी अडवलं नाही.

"ऐका माझं," तो म्हणाला. "कातड्याबद्दल खोटं बोलणं काय असतं ते मला माहीत आहे. मी बोललोय. इनॉक रस्कचं कातडं स्वच्छ होतं. एकच डाग होता. मी दोन म्हणून सांगितलं आणि ते जाळून टाकलं. कंपनीने मला घर दिलं. हे सगळं मी आज कबूल करतोय, मला काय करायचं ते करा. पण आज मी खोटं बोलत नाही. अँसल निर्दोष आहे."

त्याला वाटलं होतं, एवढा मोठा कबुलीजबाब दिल्यावर माणसं हलतील. हलली, पण त्याला हवी तशी नाही. थॅड रस्क खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

ऑर्लो बेक क्रँडलचा तीस वर्षांचा मित्र होता. दोघांनी मिळून मासे धरले होते, एकमेकांच्या बायकांना खांदा दिला होता. तो चष्मा पुसत हळूच म्हणाला, "हॉलिस, मग तुझ्या कोणत्या कातड्यावर विश्वास ठेवायचा रे आम्ही?"

पंच आत गेले आणि अर्ध्या तासात परत आले. दोषी. दहा वर्षं.

क्रँडलचा खटला वेगळा चालणार होता. तोवर म्हाताऱ्याला कोणी कोंडलं नाही. पळून जाणार कुठे? तो कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून राहिला. लोक त्याला वळसा घालून उतरले. सगळ्यांत शेवटी थॅड रस्क आला आणि दोन पायऱ्या सोडून उभा राहिला.

"कुलूप का नाही बदललंत?" क्रँडलने विचारलं. "इतकं सगळं केलंत, शिवलं, लाख लावली, पाठ फिरवलीत. आणि कुलूप जुनंच?"

"डोक्यात आलं होतं," रस्क म्हणाला. "दोनदा आलं."

"मग?"

"तुम्ही उघडता की नाही, ते बघायचं होतं."

"आणि उघडलं नसतं तर?"

"तर तुमचा मुलगा आज घरी जेवला असता. मी सगळ्यांदेखत विचारलं असतं, माझ्या वडिलांचं कातडं असं का नाही उघडलं? आणि मग गेलो असतो इथून." तो एक पायरी उतरला. "त्या पोराचं मला वाईट वाटतं, क्रँडलसाहेब. मी ते मनात धरलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, निदान पोटच्या पोरासाठी तरी तुम्ही हात आवरून बसाल."

एवढं बोलून तो गेला. त्याच आठवड्यात त्याने नोकरी सोडली असं ऐकलं. त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं, पण त्याचा चेहरा बघून तसं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुरुंगाची गाडी कचेरीसमोर लागली. अँसलच्या हातात बेड्या होत्या. क्रँडलने स्वतःचा लोकरीचा कोट आणला होता, तो घेऊन गाडीला टेकून उभा राहिला.

"हा घाल. तिकडे थंडी असते."

"तिकडे त्यांचेच कपडे घालावे लागतात, बाबा. राहू दे तुम्हाला."

शेरीफ घोड्यांचे पट्टे तपासत होता. वेळ थोडाच होता. क्रँडल कोटाची घडी पुन्हा पुन्हा नीट करत होता. शेवटी अँसलच बोलला. रागाने नाही, नुसतं विचारल्यासारखं.

"मी सांगितलं होतं ना तुम्हाला, बाबा?"

"हो."

"सोमवारी दिसेल सगळ्यांना, असं म्हणालो होतो."

"म्हणाला होतास."

"मग तुम्हाला भीती कोणाची वाटली? रस्कची?"

क्रँडलच्या ओठांवर 'हो' आलं होतं. तेच सोपं होतं, आणि पोराने ते मानलंही असतं. पण कालपासून त्याच्यात खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती.

"रस्कची होतीच," तो म्हणाला. "पण मला वाटलं, आत दोन डाग असतील."

अँसलने ते ऐकलं. त्याने डोळे मिटले आणि उघडले.

"म्हणजे तुम्हाला मी चोर वाटलो."

"हो."

"बरं," अँसल म्हणाला, आणि तो गाडीत पलीकडच्या बाजूला सरकून बसला, जिथून बाप दिसत नाही.

शेरीफ वर चढला. गाडी निघाली, गिरणीच्या वळणावरून गेली आणि दिसेनाशी झाली. क्रँडल कोट हातात धरून रस्त्याच्या मधोमध उभा होता. मागून पाण्याची गाडी आली आणि हाकणाऱ्याने त्याला बाजूला व्हायला सांगितलं, तेव्हा तो बाजूला झाला.